कॅमेऱ्यातील छायाचित्र कोठे साठते आणि संगणकापर्यंत कसे पोहोचते

मोबाइलमध्ये चांगला कॅमेरा येण्यापूर्वी घेतलेला एखादा छोटा डिजिटल कॅमेरा अनेक घरांत अजूनही कपाटात जपून ठेवलेला असतो, आणि त्याच्या कार्डात बारशाचे, मुंजीचे, गौरी-गणपतीचे असे काही फोटो राहून गेलेले असतात, ज्यांची दुसरी प्रत कोठेही नसते. हे फोटो सुखरूप बाहेर काढणे अवघड नाही. मात्र त्यासाठी कॅमेरा फोटो कसा आणि कोठे लिहितो, त्याला नाव कसे देतो आणि केबल जोडल्यावर संगणकाशी त्याची काय देवाणघेवाण होते, एवढे समजून घ्यावे लागते. माझे मत असे आहे की फोटो हातचे जातात ते बहुधा कॅमेरा बिघडल्यामुळे जात नाहीत. या घडीला फाइल नेमकी कोठे आहे आणि तिच्या किती प्रती आहेत, याचा अंदाज चुकल्यामुळे जातात.

बटण दाबल्यानंतर

शटरचे बटण दाबले की सेन्सरवरील प्रत्येक बिंदू, म्हणजे पिक्सेल, स्वतःवर पडलेल्या प्रकाशाचे मोजमाप करतो. या पिक्सेलला रंग कळत नाही, केवळ उजेड कळतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाचा अतिशय सूक्ष्म फिल्टर बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट १९७६ मधील आहे. ज्या पिक्सेलवर लाल फिल्टर आहे, तेथे हिरवा आणि निळा किती असेल, हे कॅमेऱ्यातील प्रोसेसर शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने ठरवतो आणि मगच पूर्ण रंगीत चित्र तयार होते.

कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल, तर हे चित्र ४००० बाय ३००० पिक्सेलांचे, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलांचे असते. प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांसाठी एकेक बाइट धरला, तरी एका फोटोला ३६ मेगाबाइट जागा हवी. प्रत्यक्षात तोच फोटो कार्डावर साधारण चार ते पाच मेगाबाइटमध्ये मावतो, आणि याचे श्रेय १९९२ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या जेपीईजी या पद्धतीला जाते. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, पण रंगातला बारीक फरक तितका कळत नाही, या एका गोष्टीवर ही पद्धत उभी आहे. प्रोसेसर चित्रातील उजेडाची आणि रंगाची माहिती वेगळी करतो, रंगाची माहिती बहुधा कमी बारकाईने ठेवतो, आणि मग सगळे चित्र ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकटींत वाटतो. प्रत्येक चौकटीत ठळक बदल किती आणि बारीकसारीक बदल किती, हे गणिताने काढून बारीक बदलांचे आकडे ढोबळ केले जातात, त्यातले कित्येक शून्यच होतात, आणि शून्यांची लांबलचक रांग थोड्या जागेत लिहिता येते. निळ्या आकाशाचा फोटो कमी जागा घेतो आणि झाडीचा किंवा गर्दीचा फोटो जास्त जागा घेतो, तो यामुळेच. मेनूमधील ‘फाइन’ आणि ‘नॉर्मल’ हे पर्यायही आकडे किती ढोबळ करायचे, एवढेच ठरवतात.

ढोबळ करताना गेलेला तपशील परत मिळत नाही. म्हणून जेपीईजी फाइल उघडून, तिच्यात फेरफार करून पुन्हा जेपीईजी म्हणूनच साठवली, तर तिची गुणवत्ता दर वेळी थोडी घटते. फाइल नुसती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कॉपी केली, तर मात्र काहीही घटत नाही. शंभरावी प्रतही पहिल्या फाइलशी बाइट-न्-बाइट जुळते. या दोन गोष्टींची गल्लत फार वेळा होते आणि ‘पुन्हा पुन्हा कॉपी केल्याने फोटो खराब होतो’ असा समज पसरतो. त्यात तथ्य नाही.

चित्र तयार झाले की ते ताबडतोब कार्डावर जात नाही. कॅमेऱ्याच्या आत बफर म्हणून थोडी वेगवान मेमरी असते. चित्र आधी तेथे थांबते आणि कार्डाच्या वेगाने सावकाश उतरवले जाते. लागोपाठ फोटो काढताना कॅमेरा एकाएकी थबकतो आणि पडद्यावर ‘बिझी’ असे काहीतरी येते, तेव्हा बफर भरलेला असतो. बफरमधील माहिती वीज असेपर्यंतच टिकते. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा लुकलुकत असताना कार्डाचे झाकण उघडू नये किंवा बॅटरी काढू नये, असे पुस्तिकेत बजावलेले असते. त्या क्षणी फाइल अर्धी बफरमध्ये आणि अर्धी कार्डावर असते, आणि तेव्हा घाई केली तर तो एकच फोटो नाही, क्वचित कोणता फोटो कोठे आहे हे सांगणारी संपूर्ण कार्डाची नोंदवही बिघडू शकते.

कार्डाच्या आत

१९७५ मध्ये कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा १०० बाय १०० पिक्सेलांचा एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद घेत असे. सोनीच्या १९९७ मधील माव्हिका कॅमेऱ्यात तर साडेतीन इंची फ्लॉपी जात असे. आज आपण ज्याला मेमरी कार्ड म्हणतो, त्याचा पाया तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात घातला. त्यांच्या फ्लॅश मेमरीत प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार अडकवून ठेवला जातो, आणि वीज काढून घेतली तरी तो भार तेथेच राहतो.

तेथेच राहतो म्हणजे कायमचा राहतो, असे नाही. कप्प्याभोवतीचा विद्युतरोधक थर दर वेळी पुसताना आणि लिहिताना थोडा झिजतो, आणि वर्षानुवर्षे नुसत्या पडून राहिलेल्या कार्डातील भारही हळूहळू पाझरतो. उष्णतेने हा पाझर वाढतो. त्यामुळे कार्डाकडे फोटो ठेवण्याची कायमची जागा म्हणून पाहू नये. माझ्या मते कपाटातल्या कॅमेऱ्यातील कार्ड काढून त्यातील फोटो उतरवून घेणे हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे कार्ड निराळे होते: कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, सोनीचे मेमरी स्टिक, ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी २००२ मध्ये आणलेले एक्सडी कार्ड. १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड आणले आणि छोट्या कॅमेऱ्यांत हळूहळू तेच रुळले. मात्र एसडी या एकाच नावाखाली पिढ्या आहेत, आणि सगळे कार्ड ३२ बाय २४ मिलिमीटर आकाराचेच असल्याने नवे कार्ड जुन्या कॅमेऱ्याच्या खाचेत व्यवस्थित बसते, पण चालत नाही. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ गिगाबाइट, २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसीची ३२ गिगाबाइट आणि त्यानंतरच्या एसडीएक्ससीची २ टेराबाइट आहे. जुन्या एसडीत कॅमेरा एकेका बाइटचा पत्ता सांगून माहिती मागतो, तर एसडीएचसीत ५१२ बाइटांच्या एकेका गठ्ठ्याचा पत्ता सांगावा लागतो. जुन्या कॅमेऱ्याला ही नवी रीत ठाऊकच नसते. म्हणून २००६ पूर्वीच्या कॅमेऱ्याला बहुधा २ गिगाबाइटचे किंवा त्याहून लहान कार्डच शोधावे लागते. हीच अडचण कार्ड रीडरला, म्हणजे कार्ड संगणकावर वाचणाऱ्या उपकरणालाही येते, आणि जुन्या लॅपटॉपच्या खाचेत नवे कार्ड उघडत नाही, तेव्हा कार्ड खराब आहे असे ठरवण्यापूर्वी दुसरा रीडर लावून पाहावा.

कार्डावरील वेगाच्या खुणांविषयी थोडक्यात: मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो. कॅमेऱ्याला महत्त्वाचा असतो तो लिहिण्याचा किमान वेग, आणि तो गोलातील १० या आकड्याने किंवा व्ही ३० सारख्या खुणेने कळतो; पहिल्याचा अर्थ सेकंदाला किमान १० मेगाबाइट, दुसऱ्याचा ३० मेगाबाइट. साध्या फोटोंसाठी पहिले पुरते. कार्डाच्या कडेला जे ‘लॉक’ लिहिलेले सरकते बटण असते, ते आतल्या सर्किटला जोडलेले नसते. ते कोणत्या बाजूला आहे हे रीडर किंवा कॅमेरा पाहतो आणि त्यानुसार लिहायचे थांबवतो. म्हणून ते सैल पडले की कार्ड उगाच ‘लॉक’ दिसू लागते, फोटो मात्र शाबूत असतात.

१६ गिगाबाइटचे कार्ड संगणकावर १४.९ इतकेच दिसते, याचीही तक्रार नेहमी होते. कार्ड बनवणारे एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक धरते. जागा तेवढीच, माप वेगळे. परंतु बाजारात खरोखरच फसवी कार्डेही असतात. त्यांच्यातील कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी चिप, प्रत्यक्षात ८ गिगाबाइट असताना ६४ असल्याचे सांगतो, कॅमेरा त्यावर विश्वास ठेवून लिहीत राहतो, आणि खरी जागा संपल्यावरचे फोटो कोठेच साठत नाहीत किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. हे पाहण्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधने आहेत. ती कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. नवे कार्ड लग्नकार्यात वापरण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी.

नोंद आणि जमीन

कार्डावर फाइल कशी मांडलेली असते, हे नीट कळले की पुढची अर्धी भीती जाते. कार्डाची जागा समान आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते. एसडीएचसी कार्डात असा तुकडा साधारण ३२ किलोबाइटचा असतो, म्हणजे साडेचार मेगाबाइटच्या एका फोटोला सुमारे दीडशे तुकडे लागतात. कार्डाच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, ज्यात कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा वाचायचा, हे लिहिलेले असते, आणि फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलचे नाव, आकार, वेळ आणि पहिल्या तुकड्याचा क्रमांक असतो. जुन्या एसडी कार्डांवर ही मांडणी फॅट १६ या पद्धतीची, एसडीएचसीवर फॅट ३२ ची आणि एसडीएक्ससीवर एक्सफॅटची असते. फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांबलचक व्हिडिओचे कॅमेरा आपणच दोन-तीन भाग पाडतो.

आता फोटो ‘डिलीट’ केला की काय होते? सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून जमीन जागेवरून हलत नाही, तसेच येथेही आहे. फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘ही नोंद रद्द’ अशी खूण होते, तक्त्यात ते दीडशे तुकडे मोकळे म्हणून लिहिले जातात, आणि चित्राचे बाइट आहेत तेथेच राहतात. नव्या फोटोला जागा देताना कॅमेरा त्या तुकड्यांवर लिहील, तेव्हाच जुने चित्र खऱ्या अर्थाने नष्ट होते. म्हणून चुकून फोटो पुसला गेला, तर पहिले काम म्हणजे त्या कार्डावर एकही नवा फोटो न काढणे; कार्ड काढून बाजूला ठेवावे. त्यानंतर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने ते तपासावे. प्रत्येक जेपीईजी फाइल ठरावीक बाइटांनी सुरू होते आणि हा प्रोग्रॅम नोंदींकडे न पाहता सगळे कार्ड वाचून ते बाइट शोधत जातो, म्हणून तक्ताच बिघडला असला तरी तो उपयोगी पडतो. सापडलेल्या फाइली मात्र त्याच कार्डावर साठवू नयेत, संगणकावर साठवाव्यात, नाहीतर शोध चालू असतानाच उरलेल्या फोटोंवर लिहिले जाईल. मूळ नावे परत मिळत नाहीत, आणि एखादा फोटो तुकड्यातुकड्यांनी विखरून लिहिलेला असेल, तर तो अर्धाच उघडतो.

साधे फॉरमॅटही बहुतांशी नोंदीच पुसते, त्यामुळे चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डातूनही फोटो परत मिळण्याची चांगली शक्यता असते. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा वेगळा पर्याय असतो. त्यानंतर मात्र फारशी आशा धरू नये. कार्ड किंवा कॅमेरा विकताना हेच उलट बाजूने ध्यानात ठेवावे: नुसते ‘डिलीट ऑल’ केलेले कार्ड परक्याच्या हाती देणे म्हणजे घरचे फोटो देण्यासारखेच आहे.

डीसीआयएम आणि नावांचा हिशेब

कार्ड उघडले की कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसतो. हा योगायोग नाही. १९९८ मध्ये जपानमधील उद्योगसंघटनेने डीसीएफ नावाचे नियम ठरवले, आणि तेव्हापासून सर्व कॅमेरे ते पाळत आले. त्यानुसार मुख्य फोल्डरच्या आत १०० ते ९९९ पर्यंतचा क्रमांक आणि पुढे पाच अक्षरे, अशा नावाचे फोल्डर असतात, आणि प्रत्येक फाइलच्या नावात चार अक्षरे व ०००१ ते ९९९९ मधील चार आकडे असतात. कॅननची चार अक्षरे आयएमजी आणि खालची रेघ, निकॉनच्या कूलपिक्स कॅमेऱ्यांची डीएससीएन, फुजीफिल्मची डीएससीएफ. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातले कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात, फोटो स्टुडिओच्या यंत्रात, अगदी आजच्या मोबाइलमध्येही उघडते, याचे कारण हे नियम आहेत. वीस वर्षांपूर्वीचे फोटो आज सहज वाचता येतात, हे मला या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत मोलाचे वाटते.

याच नियमांची दुसरी बाजू अशी की संगणकावर नाव बदललेला किंवा संपादित केलेला फोटो परत कार्डावर टाकला, तर कॅमेरा तो बहुधा दाखवत नाही. फाइल बिघडलेली नसते; ती कॅमेऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे नसते, इतकेच.

नावांचा खरा धोका निराळाच आहे. ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा ०००१ वर येतो, आणि मेनूमध्ये ‘फाइल नंबरिंग’ हा पर्याय ‘ऑटो रिसेट’वर असेल, तर नवे, रिकामे कार्ड घातल्यावरही मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे मागच्या दिवाळीचा एक फोटो आणि या दिवाळीचा एक फोटो अगदी एकाच नावाचे असू शकतात. दोन्ही संगणकावरील एकाच फोल्डरमध्ये ओतायला गेलो की विंडोज विचारते: असलेल्या फाइलींच्या जागी नव्या टाकायच्या, की या फाइली सोडून द्यायच्या, की दोन्हींची तुलना करायची? घाईत पहिला पर्याय निवडला, तर जुना फोटो नाहीसा होतो, आणि तो कचरापेटीतही मिळेल याची खात्री नसते. दुसरा निवडून नंतर कार्ड फॉरमॅट केले, तर नवा फोटो जातो. यावर उपाय सोपा आहे. क्रमांकाची मोजणी ‘कंटिन्युअस’वर ठेवावी, आणि दर वेळी फोटो उतरवताना संगणकावर नवा फोल्डर करून त्याला वर्ष, महिना, दिवस आणि प्रसंग या क्रमाने नाव द्यावे. वर्ष आधी लिहिल्याने फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतात.

आणखी एक जागा शोधायची राहते. अनेक छोट्या कॅमेऱ्यांत थोडी अंगची मेमरीही असते, बहुधा काही दहा मेगाबाइटांची. कार्ड न घालता फोटो काढले, तर ते तेथे जातात, आणि कार्ड घातल्यावर कॅमेरा फक्त कार्डातले दाखवतो. ‘हे फोटो काढल्याचे आठवते, पण कार्डात नाहीत’ असे झाले, तर कार्ड काढून कॅमेरा सुरू करून पाहावे. मेनूमध्ये ते फोटो कार्डावर कॉपी करण्याची सोय बहुधा असते.

केबल जोडल्यावर

कॅमेरा यूएसबी केबलने संगणकाला जोडला की दोनपैकी एक गोष्ट घडते. मास स्टोरेज पद्धतीत कॅमेरा आपले कार्ड जणू पेनड्राइव्ह असल्यासारखे संगणकाच्या ताब्यात देतो. त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळते, आणि त्या काळात कार्डाची नोंदवही संगणक सांभाळतो. म्हणूनच ‘इजेक्ट’ न करता केबल ओढली, तर संगणकाच्या मनात असलेले पण कार्डावर अजून न लिहिलेले काही राहून जाऊ शकते. पीटीपी पद्धतीत कार्ड कॅमेऱ्याच्याच ताब्यात राहते. संगणक फक्त विचारतो, तुझ्याकडे कोणते फोटो आहेत, त्यातला अमुक दे. आणि कॅमेरा ते वाचून पाठवतो. ही पद्धत आयएसओ १५७४० या मानकात बसवलेली आहे, आणि विंडोज एक्सपीपासून तिच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळालेली सीडी हरवली म्हणून फोटो उतरवायचे थांबलेल्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. कॅमेरा ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या खाली वेगळ्या चिन्हाने दिसतो, त्यावर दोनदा क्लिक करत गेले की डीसीआयएम फोल्डर उघडतो.

पीटीपीत कॅमेऱ्याला ड्राइव्हचे अक्षर मिळत नसल्याने पुसलेले फोटो शोधणारे प्रोग्रॅम केबलवरून चालत नाहीत. त्यांना कार्ड रीडरच लागतो. एरवीही मी रीडरचीच शिफारस करीन. कॅमेऱ्याची जुनी बॅटरी अर्ध्यातच मान टाकते, तसा प्रश्न रीडरला येत नाही, आणि वेगाचा फरकही मोठा असतो. जुन्या यूएसबी १.१ वर सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट जाते, म्हणजे ८ गिगाबाइटच्या भरलेल्या कार्डाला दोन तासांहून अधिक लागतील. सेकंदाला २० मेगाबाइट वाचणाऱ्या रीडरला सात मिनिटेही लागणार नाहीत. केबलच वापरायची असेल आणि संगणक कॅमेऱ्याला ओळखत नसेल, तर केबल आधी तपासावी. काही स्वस्त केबलींत केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात.

फोटो उतरवताना ‘कट’ किंवा ‘मूव्ह’ हा पर्याय वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कॉपी करावी, मग दोन्ही फोल्डरांवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का हे पाहावे, आणि इथूनतिथून काही फोटो पूर्ण आकारात उघडून बघावेत. छोट्या चित्रांच्या यादीवर विसंबू नये, कारण फाइलच्या आत कॅमेऱ्याने १६० बाय १२० पिक्सेलांचे एक लघुचित्र वेगळे साठवलेले असते, आणि मुख्य चित्र अर्धवट असले तरी ते लघुचित्र छान दिसू शकते. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर झाली की मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. क्लाउडवर टाकताना मूळ आकार ठेवण्याचा पर्याय निवडला आहे ना, हे पाहावे. गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली असून आता १५ गिगाबाइटनंतर पैसे भरावे लागतात.

वायफाय असलेल्या कॅमेऱ्यांत रीत थोडी उलटी आहे. येथे बहुधा कॅमेराच स्वतःचे छोटे नेटवर्क तयार करतो आणि मोबाइल त्याला जोडला जातो. त्या नेटवर्कवर इंटरनेट नसते, म्हणून मोबाइल ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असे सांगून स्वतःहून मोबाइल डेटाकडे वळतो आणि जोडणी तुटते. पुष्कळांना कॅमेऱ्याचा वायफाय बिघडला आहे असे वाटते, ते या टप्प्यावर. तो संदेश आल्यावर जोडणी कायम ठेवायला सांगावे, किंवा तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद करावा. शिवाय काही कंपन्यांची अ‍ॅप वेळ वाचवण्यासाठी फोटो सुमारे २ मेगापिक्सेलपर्यंत लहान करून पाठवतात. मोबाइलवर आलेली ती प्रत मूळ समजून कार्ड रिकामे केले, तर मूळ फोटो जातो. तोच फोटो पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला की आणखी आक्रसतो आणि त्यातील तारखेसारखी माहितीही गळून पडते. नातेवाइकांना छपाईजोगा फोटो द्यायचा असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग फाइल आहे तशी पोहोचते. घाईच्या वेळी टाइप-सी कार्ड रीडर थेट मोबाइलला लावणे हा मला या सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

फाइलमध्ये लिहिलेली तारीख

प्रत्येक जेपीईजी फाइलच्या सुरुवातीला एक्झिफ नावाचा भाग असतो. त्यात कॅमेऱ्याचे नाव, शटरचा वेग, कॅमेरा उभा होता की आडवा, आणि फोटो काढल्याची तारीख व वेळ असते. उभा धरून काढलेला फोटो कॅमेरा अनेकदा आडवाच साठवतो आणि फक्त ‘दाखवताना फिरवा’ अशी खूण करतो. ती खूण न वाचणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो आडवा पडलेला दिसतो.

विंडोजमध्ये दिसणारी ‘क्रिएटेड’ ही तारीख फाइल संगणकावर आल्याची असते. फोटो केव्हाचा, हे ठरवायला ‘डेट टेकन’ पाहावी, कारण ती एक्झिफमधून येते आणि कॉपी केल्याने बदलत नाही. पण ती तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावर अवलंबून असते, आणि मुख्य बॅटरी काढून ठेवली की आतला राखीव साठा काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपून घड्याळ कारखान्यातील मूळ तारखेवर परत जाते. सुरू करताना विचारलेली तारीख ‘नंतर’ म्हणून टाळली, तर गणपतीचे फोटो १ जानेवारीचे म्हणून नोंदले जातात. परदेशी गेल्यावर वेळ भारताचीच राहिली, तर न्यू जर्सीतील संध्याकाळचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा ठरतो, आणि जुन्या एक्झिफमध्ये देशाची प्रमाणवेळ लिहिण्याची सोयच नव्हती. ती २०१६ मधील आवृत्तीत आली.

अशा फोटोंतील अंतर मात्र खरे असते: दोन फोटोंमध्ये तीन तास गेले असतील, तर चुकीच्या घड्याळातही तीनच तास गेलेले दिसतात. म्हणून एका फोटोची खरी वेळ कळली की सगळ्यांची सुधारता येते. आरतीच्या फोटोत भिंतीवरचे घड्याळ दिसत असेल किंवा पत्रिकेवरून लग्नाचा मुहूर्त माहीत असेल, तर खरी वेळ आणि नोंदलेली वेळ यांतला फरक काढावा, आणि एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमला तो सांगून त्या दिवसाच्या सर्व फोटोंची वेळ एकदम तेवढीच पुढेमागे सरकवावी. हा प्रोग्रॅम चित्राच्या भागाला हात लावत नाही, फक्त एक्झिफमधील आकडे बदलतो, त्यामुळे गुणवत्ता घटत नाही. आपणहून तो जुनी फाइल ‘ओरिजिनल’ अशी पुस्ती जोडून शेजारीच ठेवतो, आणि नव्या तारखा बरोबर आल्याची खात्री होईपर्यंत ती तशीच राहू द्यावी.